'दत्तक' की आणखी काही? अर्जेंटिनातल्या चोरलेल्या मुलांसाठी शब्द हवा

प्रश्न : अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीवर (1976–83) लेख लिहिते आहे. अटकेतल्या गरोदर बायकांना बाळंत होईपर्यंत जिवंत ठेवायचं, मग मूल लष्करातल्या किंवा मर्जीतल्या कुटुंबाकडे सोपवायचं आणि आईला संपवायचं, असं तिथे पद्धतशीर चाललं. 'प्लाझा दे मायोच्या आज्या' या नातवंडं शोधणाऱ्या संघटनेच्या अंदाजाने अशी सुमारे 500 मुलं. संपादक 'दत्तक दिलेली मुले' म्हणतात. मला पटत नाही.

उत्तर : पटू नयेच. दत्त म्हणजे दिलेला, तेव्हा देणारा हवा. मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार आहेत. त्यातला दत्तक म्हणजे आईने किंवा बापाने स्वतः दिलेला. विकत घेतलेला 'क्रीत' आहे, आईबापांनी टाकलेला 'अपविद्ध'सुद्धा आहे. जिवंत आईच्या कुशीतून चोरलेला मात्र त्या यादीत कुठेच बसत नाही. शिवाय यातल्या पुष्कळ मुलांचे जन्मदाखलेच खोटे केले होते. म्हणजे कागदोपत्री ती 'औरस'!

दुसरं उत्तर : मग 'अपहृत' घ्या ना.

उत्तर : अपहरण म्हटलं की खंडणी आठवते, आणि सुटका झाली की प्रकरण मिटतं. इथे मूल खोट्या नावाने तीस-तीस वर्षं वाढवलं गेलं. स्पॅनिशमध्ये याला 'आप्रोपिआसिओन' म्हणतात. त्याला आपलं 'बळकावणे' चपखल आहे. जमीन बळकावतात तेव्हा जोरजबरदस्ती असते, खोटे कागद असतात आणि ताबा चालूच राहतो. तिन्ही गोष्टी इथे आहेत. ('लाटणे'ही चाललं असतं, पण पोळपाट डोळ्यांसमोर येतो.)

दुसरं उत्तर : मान्य. आईबापांबद्दल लिहिताना 'बेपत्ता झाले' टाळा, 'बेपत्ता केले' लिहा. 1979 मध्ये पत्रकारांनी विचारल्यावर हुकूमशहा विदेला म्हणाला होता की, बेपत्ता माणूस ना मेलेला असतो ना जिवंत. 'झाले' लिहिलं की आपण त्याचीच री ओढतो. मुलं चोरण्याच्या योजनेसाठी त्याला 2012 मध्ये 50 वर्षांची शिक्षा झाली.

प्रश्न : आणखी एक. आईबापच नसताना रक्तावरून नातं कसं ठरवायचं, हे अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी 1984 च्या सुमारास आजीआजोबांच्या रक्ताआधारे सोडवून दाखवलं. त्या गणिताला तिकडे 'आब्वेलिदाद'चा निर्देशांक म्हणतात.

उत्तर : 'आजीपण'! तयार शब्द आहे, घडवायची गरज नाही. आजोबा दुखावतील, पण शोधायला रस्त्यावर उतरल्या त्या आज्याच. संघटनेच्या अध्यक्ष एस्तेला दे कार्लोतो यांना स्वतःचा नातू 2014 मध्ये मिळाला, मुलगी मारली गेल्यावर 36 वर्षांनी.

प्रश्न : ठरलं. 'बळकावलेली मुले' ठेवते. काही कुटुंबांना मूल कुठून आलं हे खरोखर माहीत नव्हतं आणि त्यांनी कायद्याने ते घेतलं, तेवढ्यापुरतं 'दत्तक'. संपादकांना मनूचा दाखला पाठवते.