मदत हवी आहे: एफआर पीव्हीसीत अँटिमनी कमी केलं आणि एलओआय पडला

रबाळेकर
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं कंपाउंडिंग युनिट आहे, केबलवाल्यांना पीव्हीसी दाणा देतो. चीनने १५ सप्टेंबर २०२४ पासून अँटिमनीच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हापासून एटीओचा (अँटिमनी ट्रायऑक्साइडचा, आग रोखायला घालतो त्या पावडरीचा) भाव ऐकला की शेठ आधी माझ्याकडे बघतात, मग फॉर्म्युल्याकडे.

एफआर (आग रोखणाऱ्या) ग्रेडमध्ये १०० भाग पीव्हीसी रेझिनला एटीओ ५ भाग होतं. शेठच्या हुकमाने ते अडीचवर आणलं आणि वजन भरायला कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटची पावडर) ३० वरून ४० केलं. डीओपी (पीव्हीसी मऊ करणारं तेल) ४५, उष्णतेपासून जपणारा स्टॅबिलायझर कॅल्शियम-झिंक. एलओआय ३० यायचा, तो आता २६.५. आयएस ६९४ (पीव्हीसी केबलचं भारतीय मानक) च्या एफआर केबलला किमान २९ लागतो, म्हणजे लॉट अडकला.

एटीओ निम्मं केल्यावर थोडा फटका बसणार हे धरलंच होतं. पण कॅल्साइट तर जळत नाही, मग एवढा कसा पडला? आणि पर्याय म्हणून कोणी काय वापरतंय? एक ट्रेडर 'एटीओच्या जागी थेट टाका' म्हणून पांढरी पावडर गळ्यात मारू बघतोय, आत काय आहे ते मात्र सांगत नाही.

घणसोली_बीएस्सी
दादा, एलओआय म्हणजे नक्की काय?

जुना_केबलवाला
लिमिटिंग ऑक्सिजन इंडेक्स. मालाची पट्टी मेणबत्तीसारखी वरून पेटवायची आणि ती जळत राहायला ऑक्सिजन किमान किती टक्के लागतो ते मोजायचं. हवेत २१ टक्के असतो. २९ चा माल साध्या हवेत ज्योत बाजूला केली की विझायला हवा.

आता रबाळेकर, तुमचं. एटीओ एकटं आग विझवत नाही, त्याला क्लोरीन लागतं. पीव्हीसी तापलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, त्याच्याशी एटीओची अभिक्रिया होऊन ऑक्सिक्लोराइडं आणि शेवटी अँटिमनी ट्रायक्लोराइड बनतं. ते २२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे वाफ होऊन थेट ज्योतीत जातं आणि ज्या हायड्रोजन व हायड्रॉक्सिल रॅडिकल्सवर (अतिक्रियाशील तुकड्यांवर) ज्योत जगते तेच पकडतं. खरं काम तिथे होतं.

आणि कॅल्साइट काय करतं? तोच हायड्रोजन क्लोराइड खाऊन कॅल्शियम क्लोराइड होऊन बसतं. म्हणजे तुम्ही एटीओ निम्मं केलं आणि उरलेल्याच्या तोंडचा घासही काढून घेतलात. कॅल्साइट जितकं बारीक तितकं जास्त खातं. गंमत बघा, एफआरएलएसमध्ये (कमी धुराच्या एफआर ग्रेडमध्ये) आम्लवायू कमी यावा म्हणून हेच बारीक कॅल्साइट मुद्दाम घालतात, आणि तिथेही एलओआय सांभाळताना नाकी नऊ येतात.

रबाळेकर
म्हणजे कॅल्साइट परत ३० वर. पण एटीओचं काय? आग रोखायला झिंक बोरेट चालेल?

जुना_केबलवाला
थोडं चालेल. सगळं एटीओ काढून नाही, आणि जपून. तापल्यावर झिंक क्लोराइड बनतं आणि त्याने पीव्हीसीचं विघटन आणखी लवकर होतं. तुमच्या स्टॅबिलायझरमध्ये आधीच झिंक आहे, त्यामुळे हीट स्टॅबिलिटी बघितल्याशिवाय एक्स्ट्रूडरवर घेऊ नका, दाणा काळा पडेल. एटीएच (अ‍ॅल्युमिनियम ट्रायहायड्रॉक्साइड) स्वस्त आहे, तापल्यावर पाणी सोडून गारवा देतं, पण असर दिसायला बरंच घालावं लागतं आणि मग इलाँगेशन (ताणलं जाण्याची क्षमता) जातं. डायजवळ तापमान २०० च्या वर गेलं तर दाण्यात बुडबुडे.

मी आधी डीओपीकडे हात घालीन. पेटतं ते मुख्यतः तेच. त्यातला काही भाग सीपीडब्ल्यूने (क्लोरिनेटेड पॅराफिन वॅक्सने) बदला, त्यात स्वतःचं क्लोरीन असतं. फार घातलं तर तेल वर येतं, म्हणून पट्टी गरम ओव्हनमध्ये ठेवून बघा. रंग काळा असेल तर बरंच, एटीओ कमी झाल्याने पांढरेपणा घटतो तो दिसणार नाही. आणि त्या ट्रेडरकडे आधी टेस्ट सर्टिफिकेट मागा, नसेल तर चहा पाजून वाटेला लावा.

सई_सेफ्टी
मध्येच बोलते. तुमच्याकडे एटीओची गोणी मिक्सरवर हाताने ओततात का? २०२२ मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने) त्रिसंयुजी अँटिमनी 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय, गट २अ, आणि एटीओ त्यातच येतं. प्रश्न धुळीचा आहे. डीओपीत भिजवलेली पेस्ट किंवा मास्टरबॅच (आधीच मिसळून केलेले दाणे) घेतलीत तर धूळ उडत नाही, आणि वजनात गळती होते तीही थांबते.

रबाळेकर
हो, मामा गोणी फाडून हातानेच ओततात, तोंडाला रुमाल बांधून. पेस्टचा भाव आजच मागवतो. जुनाकाका, सीपीडब्ल्यूची सुरुवात १० भागांनी करू का? डीओपी तेवढंच कमी करून?

जुना_केबलवाला
८ ने करा. डीओपी ३८, एटीओ सध्या ४. हार्डनेस बघून मग पुढचं बोलू.