गुदमरणे, ठसका आणि पाठीतला धपाटा

दातांच्या दवाखान्यात लावायच्या सूचना मराठीत लिहिते आहे. उपचार चालू असताना दातावर बसवायची कॅप निसटून घशात गेली तर मदतनिसाने काय करायचं, हा मजकूर. मी लिहिलं, 'रुग्ण गुदमरल्यास पाठ थोपटावी.' काहीतरी खटकतंय.

— थोपटतात तान्ह्या बाळाला, नाहीतर शाबासकी देताना. इथे हवा धपाटा! माणसाला पुढे वाकवून, खांद्यांच्या दोन्ही फऱ्यांच्या मध्ये, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने. 'आघात' लिहाल तर वाचणारा अर्थ लावत बसेल.

— माझा आक्षेप 'गुदमरल्यास'वर आहे. माणूस धुराने गुदमरतो, गर्दीतही गुदमरतो. त्याला धपाटे घालून काय उपयोग? 'घशात काही अडकून श्वास कोंडल्यास' असं लिहा. आणि ठसका वेगळा ठेवा. ठसक्याला आवाज असतो, म्हणजे हवा अजून ये-जा करते आहे. अशा माणसाला खोकूच द्यावं. श्वास पुरता कोंडला की बोलता येत नाही, खोकला निघाला तरी मुका, हात आपोआप गळ्याशी जातात.

— 'श्वासनलिका बंद' असंही लिहू नका, 'श्वासमार्ग' म्हणा. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडते तेव्हा नळी मोकळीच असते, वाट वरच अडलेली असते. तिथे डोकं मागे करून हनुवटी उचलायची.

— एक राहिलं. 'गिळली' हे क्रियापद टाळा, ते परस्पर निदान करून मोकळं होतं. ठसका थांबतो, रुग्ण म्हणतो 'गिळली बहुतेक', सगळे निर्धास्त. पण कॅप फुप्फुसात उतरली तरी ठसका शमू शकतो. उजवीकडची श्वासवाहिनी जास्त रुंद आणि सरळ, म्हणून बहुधा तिकडेच. एक्स-रे होईपर्यंत 'घशाखाली गेली' एवढंच.

— आभार. आता असं केलंय: 'ठसका लागला तर खोकू द्या. आवाज बंद झाला तर पुढे वाकवून पाच धपाटे. तरी न निघाल्यास मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर पाच हिसके. मग पुन्हा धपाटे. दिसत नसताना घशात बोट घालून चाचपू नका. शुद्ध हरपली तर रुग्णवाहिका बोलवा, सीपीआर (छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे) सुरू करा.' 'हिसके'ऐवजी आधी 'दाब' लिहिलं होतं, पण त्यात झटका येत नाही.

— 'हिसके' राहू द्या. 'कवेत' मात्र काढा, 'मागून हातांचा वेढा घालून' बरं.