डोळ्यांत पाहण्याची सक्ती करावी का?

प्रश्न (पालक) :
आमच्या सात वर्षांच्या ऑटिस्टिक (स्वमग्नता असलेल्या) मुलाने बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे, असा थेरपिस्टचा आग्रह आहे. परंतु अनेक प्रौढ ऑटिस्टिक व्यक्ती ही सक्ती त्रासदायक असल्याचे लिहितात. कोणाचे ऐकावे?

उत्तर १ :
मी स्वतः ऑटिस्टिक आहे. डोळ्यांत पाहावे लागले की माझे सारे लक्ष तो ताण सोसण्यातच जाते आणि समोरची व्यक्ती काय बोलली ते निसटून जाते. खाली पाहत मी अधिक नीट ऐकतो. (शाळेत मात्र ‘लक्ष नसते’ हाच शेरा मिळे.)

उत्तर २ :
ऑटिस्टिक संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले की, ऑटिस्टिक आणि इतर व्यक्तींमधील विसंवाद दोन्हीकडून घडतो, त्यामुळे त्याचे खापर एकाच बाजूवर फोडता येत नाही. मग बदलण्याचे ओझे केवळ मुलानेच का वाहावे?

उत्तर ३ (विशेष शिक्षिका) :
थेरपी थांबवण्याऐवजी तिचे उद्दिष्ट बदलून मागा. ‘मला नको’ किंवा ‘आवाज कमी करा’ हे शब्दांनी, खुणेने वा चित्रांच्या आधारे सांगता येणे मुलाच्या अधिक उपयोगाचे आहे, आणि त्याने तसे सांगितल्यावर मोठ्यांनी खरोखर थांबले पाहिजे.