मदत हवी आहे: भाचीला निवड चाचणीपर्यंत कसं पोचवायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही वेंगुर्ल्याचे. भाची 14 वर्षांची, रोज संध्याकाळी पुळणीवर मुलग्यांबरोबर फुटबॉल खेळते. फेब्रुवारी 2024 मध्ये ढाक्याला झालेली सॅफची (दक्षिण आशियाई देशांच्या फुटबॉल स्पर्धेची) 19 वर्षांखालील मुलींची फायनल मोबाईलवर पाहिली, तेव्हापासून डोक्यात एकच खूळ. (1-1 बरोबरी, पेनल्टीत 11-11, मग नाणेफेक, त्यावरून रडारड आणि शेवटी भारत-बांगलादेश संयुक्त विजेते! नाणं उडवून कप द्यायचा हे मला अजून पटलेलं नाही.)

रत्नागिरी-सिंधुदुर्गात राज्य संघटनेकडे, म्हणजे विफाकडे, नोंदलेला मुलींचा क्लब आहे का? मुंबई लांब. गोवा तासाभरावर, पण तिकडच्या क्लबकडून खेळली तर पुढे महाराष्ट्राच्या संघाचा रस्ता बंद होतो का, हा खरा प्रश्न. शिवाय तिच्या जन्मदाखल्यावर नाव उशिरा चढवलंय. वयोगटाच्या स्पर्धेत तो दाखला अडतो का? पासपोर्ट आत्ताच काढून ठेवू?

ताईचं म्हणणं, दहावी होऊ दे. पण तोवर 16 वर्षांची होईल ना!

आणि हो, आजवर वाळूत अनवाणी खेळलीय. टर्फवर पहिले बूट कोणते घ्यावेत? ज्यांच्या घरात मुलगी खेळते त्यांनी सांगा, ऐकीव नको.