जिप्सी किंग मॅन्युअलची ऑटोमॅटिक करायची आहे, कोणी केलंय का?

कुंभार्ली_लो_गिअर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००४ ची जिप्सी किंग आहे, एमपीएफआय, हार्डटॉप. इंजिनचं काम झालंय, गंज मागच्या चाकांच्या वर थोडा सोडला तर नाही. दुखणं गाडीचं नाही, माझं आहे. डाव्या गुडघ्याची गादी झिजलीय आणि डॉक्टर म्हणतात ऑपरेशनची घाई नको पण क्लच दाबणं कमी करा. आता कमी करा म्हणजे काय डोंबल करायचं, कराडहून चिपळूणला उतरताना पुढे उसाचा नाहीतर कसला ट्रक लागला की घाटभर क्लच-ब्रेक क्लच-ब्रेक, खाली पोचेपर्यंत पाय सुजतो. तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवता येईल का? इथल्या एका भंगारवाल्याकडे एस्टीम ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स पडलाय, इंजिन दोन्हीकडे १३०० चंच ना, मग बसायला हरकत काय असं तो म्हणतो. साधारण खर्च आणि आरटीओचं काय तेही सांगा. गाडी विकायची नाहीये, त्यामुळे जिम्नी घे म्हणणाऱ्यांनी कृपया पुढे सरका.

कोल्हापुरी_टप्पर:
भावा जिम्नी घे की. २०२३ पासून ऑटोमॅटिक मिळतीया, लो रेंज हाय (चढाला जादा जोर देणारा गिअर), चेसीसवरची गाडी हाय, गुडघाबी खूश आणि बायकोबी.

फ्लायव्हील:
वरच्या साहेबांना वाचता येत नाही असं दिसतंय 😄

एस्टीमचा बॉक्स विसरा. इंजिनाचं घराणं एक आहे हे खरं पण एस्टीम फ्रंट व्हील ड्राईव्ह, तिचं इंजिन आडवं बसतं आणि डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असतं, बाहेर येतात ते दोन बाजूंना दोन एक्सल. जिप्सीत इंजिन उभं, त्यामागे गिअरबॉक्स आणि तिथून एक शाफ्ट मागे जायला हवा. भंगारवाल्याला बोल्ट जुळतात एवढंच दिसतंय.

पण जिप्सीवाले एका बाबतीत नशीबवान आहेत. गाडीखाली झोपून बघा, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा, लो रेंज देणारा डबा) एकमेकांना चिकटलेले नाहीत. मध्ये एक हातभरसुद्धा नसलेला छोटा शाफ्ट आहे आणि ट्रान्सफर केस वेगळा रबर माउंटवर चेसीसला लटकतो. जुन्या थारला ट्रान्सफर केस थेट गिअरबॉक्सच्या ढुंगणाला बोल्ट केलेला, तिथे बॉक्स बदलायचा म्हणजे ॲडाप्टर कापून घ्या, आउटपुट शाफ्टचे दाते जुळवा, नाना भानगडी. जिप्सीला उभ्या इंजिनाचा, तुमच्या १३०० च्या जी१३ इंजिनला बसणारा कुठलाही टू व्हील ड्राईव्ह ऑटो मिळाला की मधला छोटा शाफ्ट नव्या लांबीचा बनवायचा आणि मागे सगळं आहे तसंच. स्पीडोमीटरची केबलही ट्रान्सफर केसमधूनच निघते, तीही हलत नाही.

आता असा बॉक्स आणायचा कुठून हा खरा प्रश्न. भारतात जिप्सी ऑटोमॅटिक कधी आलीच नाही. १९९८ ला जपानात जी जिम्नी वाईड आली तिच्यात १३०० चं हेच जी१३ इंजिन आणि ४ स्पीड ऑटोमॅटिक होता, माझ्या मते सगळ्यात जवळचा नातेवाईक तोच. पण तो इलेक्ट्रॉनिक आहे. त्याचा कॉम्प्युटर, थ्रॉटल सेन्सरचा सिग्नल, स्पीड सेन्सर, सगळी वायरिंग सोबत घ्यावी लागेल, नुसता बॉक्स आणला तर महागडं ॲल्युमिनियम आणलंत समजा.

डेन्व्हरकर:
इकडे अमेरिकेत आपल्या जिप्सीच्या बहिणीला सामुराई म्हणतात आणि तिच्यात हा उद्योग लोक पूर्वीपासून करत आलेत. १६०० चं जे जी१६ इंजिन साइडकिक आणि ट्रॅकर या गाड्यांमध्ये यायचं त्याचा बेलहाऊसिंगचा (इंजिनला गिअरबॉक्स जोडणाऱ्या घराचा) बोल्ट पॅटर्न १३०० सारखाच आहे, म्हणून टू व्हील ड्राईव्ह ट्रॅकरचा ३ स्पीड ऑटो उचलतात. तो जनरल मोटर्सच्या घरातला जुना बॉक्स, व्हॅक्यूम आणि किकडाऊनवर (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की खालचा गिअर) चालतो, कॉम्प्युटर लागत नाही. फ्लायव्हीलच्या जागी फ्लेक्सप्लेट ही पातळ चकती येते, बॉक्स पेलणारा खालचा आडवा क्रॉसमेंबर नवा बनवावा लागतो, सिलेक्टरचा लिव्हर जुळवावा लागतो आणि स्टार्टर फक्त पार्क किंवा न्यूट्रलमध्येच फिरेल असा स्विच लावायलाच हवा, तो आळस करू नका.

गणित सांगतो म्हणजे कल्पना येईल. जिप्सीचा पहिला गिअर साधारण ३.६५ आणि ट्रान्सफर केसचा लो २.२७ च्या आसपास, गुणाकार ८.३. त्या ३ स्पीडचा पहिला २.४० आहे, लोमध्ये गुणाकार ५.४ च येतो. ऐकायला वाईट वाटतं पण चाकं अडलेली असताना टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमध्ये क्लचच्या जागी असलेला तेलाचा जोड) इंजिनचा जोर जवळपास दुप्पट करतो, त्यामुळे दगडावर चढताना गाडी उलट जास्त शांत चढते, बंद पडायची भीतीच नाही. मार खाता तो उतारावर. कन्व्हर्टर स्लिप होतो, गिअरिंगही उंच, मग इंजिन ब्रेकिंग (इंजिननेच गाडी रोखून धरणं) मॅन्युअलच्या तुलनेत अगदीच मिळमिळीत. ओल्या लाल मातीच्या उतारावर पहिल्या लोमध्ये पाय सोडून गाडी आपली आपण उतरायची जी मजा आहे ती गेली.

आणि हायवे. वरचा गिअर १:१, ओव्हरड्राईव्ह (इंजिन हळू फिरू देणारा वरचा गिअर) नाही. जिप्सीचा पाचवा ०.८० च्या जवळ आहे. म्हणजे आत्ता ८० ला जो आवाज येतो तो तुम्हाला ६५ लाच ऐकू येईल.

मोहर्ली_गेट:
भाऊ, आमच्या ताडोब्यात जिप्सीच जिप्सी. सफारीवाले ड्रायव्हर पहाटेपासून पहिल्या-दुसऱ्यात रांगत असतात, वाघ दिसला की रिव्हर्स, परत पुढे, क्लचवरून पाय उचलायची सोय नाही. त्यांचे गुडघे शाबूत आहेत बाप्पा. मले एक सांगा, तुमचा पेडल जड आहे का? जिप्सीचा क्लच केबलवर चालते, हायड्रॉलिक नाही. केबल आतून कोरडी पडली नाहीतर वाकडी बसवली की पेडल दगडासारखा होते अन् ते इतकं हळूहळू होते की मालकाले समजतच नाही. दुसऱ्याची चांगली जिप्सी मागून दोन मिनिटं क्लच दाबून पाहा, मग लाखाचा खर्च काढा. प्रेशर प्लेट कोणत्या कंपनीची टाकली तेही पाहा, इंजिनचं काम झालं तेव्हा बदललीच असेल.

अन् चढावर फोर-लो पहिल्यात गाडी थांबली असेल तर क्लच दाबायची गरजच नाही. गिअरमध्येच ठेवून चावी फिरवा, स्टार्टरवरच गाडी उचलते अन् इंजिन लागते. नेहमी करू नका, बॅटरी बोंबलते, पण अडचणीत गुडघा वाचते.

पासिंग_बाकी:
आरटीओचं मी सांगतो कारण बाकी कोणी सांगणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावून सांगितलंय. कलम १८२अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आता आरसीवर गिअरबॉक्सचा प्रकार लिहिलेला नसतो, इंजिन नंबर चेसीस नंबर असतो, त्यामुळे लोक म्हणतात कळतंय कोणाला. पासिंगला कळणार नाही कदाचित. ॲक्सिडेंट झाला आणि इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला की त्याला दोनच पेडल दिसतात, आंधळा नसतो तो. तुमची २००४ ची आहे म्हणजे १५ वर्षं झाल्यावर रिन्यू केलेली, दर ५ वर्षांनी परत गाडी उभी करायचीच आहे.

एक सरळ रस्ता आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायला आरटीओ परवानगी देऊ शकतं, आधी अर्ज करायचा. पण त्याला वैद्यकीय सर्टिफिकेट लागतं, गुडघा दुखतो एवढ्यावर भागत नाही. सर्टिफिकेट मिळण्यासारखं असेल तर गिअरबॉक्सच्या नादी न लागता ऑटो क्लच किट लावा, गिअरच्या नॉबवर बटण आणि केबल ओढायला मोटर. मूळ गिअरबॉक्स, मूळ गिअरिंग, सगळं जागच्या जागी.

फ्लायव्हील:
किटबद्दल सहमत, पण ते रस्त्यासाठी. चिखलात अर्धा क्लच पायाने जसा धरता तसा मोटरला जमत नाही, एकतर झटका नाहीतर प्लेट जळाल्याचा वास.

आणि ऑटोच्या बाबतीत एक राहिलं. ८० बीएचपीचं इंजिन, १०३ न्यूटन मीटर टॉर्क आणि तोही ४,५०० आरपीएमला. या इंजिनला जोर काढायला फिरवावं लागतं आणि फिरवलं की कन्व्हर्टर तेल तापवतो. एप्रिल-मेमध्ये लो रेंजमध्ये तासभर खेळलात तर ऑईल कूलर वेगळा, रेडिएटरच्या पुढे, मोठा लावायलाच लागेल. तेल लाल असतं, काळपट होऊन करपल्यासारखा वास आला की बॉक्सचा बाजार उठला समजा, आणि तो इथे उघडणारा मेकॅनिक शोधायला तुम्ही कुठे जाणार? मॅन्युअल गिअरबॉक्स कराडात कोणीही उघडेल.

कुंभार्ली_लो_गिअर:
सगळ्यांचे आभार, भंगारवाल्याला नमस्कार सांगून आलो. मोहर्लीवाल्या दादांचं ऐकून मित्राची २०११ ची जिप्सी दाबून पाहिली, जमीन-अस्मानाचा फरक! माझी केबल काढली तर बाहेरच्या आवरणाला एका जागी घडी पडलेली आणि आतली तार तिथेच दोन-तीन पदर तुटून फुललेली, म्हणजे तशीही एखाद्या दिवशी घाटातच तुटली असती. नवीन कंपनीची टाकली, फोर्कच्या शाफ्टला ग्रीस दिलं, पेडल आता पुष्कळ हलकं आहे. तरी ट्रॅफिकमध्ये दुखतंच, ते नाकारत नाही. ऑटो गिअरबॉक्स रद्द. सर्टिफिकेटचं डॉक्टरांना विचारतो आणि मिळालं तर किट. फक्त एक शंका, पावसाळ्यात ओढ्यातून जायचं असतं, ती मोटर पाण्यात गेली तर?

मोहर्ली_गेट:
मोटर खाली गिअरबॉक्सजवळ लावू देऊ नका, फायरवॉलवर बॅटरीच्या उंचीला लावायला सांगा, केबल तिथून खाली न्यायची. अन् पायाचा पेडल काढू नका, मूळ केबलवर चालू राहिला पाहिजे. मोटर बंद पडली तर घरी कसे याल?

कोल्हापुरी_टप्पर:
जिम्नीत.