पाच लाखांत नवी छोटी गाडी, की त्याच पैशात जुनी मोठी?

कृष्णाकाठ :
आमच्या घरात आजवर चारचाकी आलेली नाही. वडील यंदा निवृत्त झाले, आईचे गुडघे गेलेत. मामाच्या गावी जायचं म्हटलं की स्कूटरवर एका बाजूला बसून तीस किलोमीटर. गेल्या पावसाळ्यात परत येताना ट्रकनं उडवलेलं सगळं पाणी तिच्या अंगावर आलं. घरी येऊन तिनं पदर पिळला तर बादलीच्या तळाला काळा गाळ बसला होता. त्या रात्री ठरवलं, गाडी घ्यायचीच.

बजेट ऑन रोड पाच लाखांच्या आसपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, वरचा सेसही गेलाय. त्यामुळे नवी अल्टो के-१० बसते. मित्र म्हणतात, तेवढ्यात सेकंड हँड आय-ट्वेंटी येईल, डबा कशाला घेतोस?

जुन्या गाड्या मी बघितल्या, सहा बघितल्या. त्यातली एक पांढरी, चकाचक, रनिंग ३८ हजार. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढला, तर आत गुंडाळलेल्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची सरळ रेघ. स्टेपनी उचलली, खालचे बोल्ट गंजलेले. विकणारा छातीठोकपणे सांगत होता की गाडी पाण्यात गेलेली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत कमरेइतकं पाणी होतं, ती रेघ मी घराच्या भिंतीवर रोज बघतो. माझ्यासारख्या पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यानं नवीच घ्यावी, असं माझं मत आहे.

घाटमाथा :
आईसाठी घेताय हे वाचून बरं वाटलं, म्हणूनच स्पष्ट लिहितो. घेऊ नका. ग्लोबल एनकॅप ही गाड्या धडकवून सुरक्षा तपासणारी संस्था. तिच्या २०२३ च्या चाचणीत अल्टो के-१० ला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी दोन तारे मिळाले आणि मुलांसाठी शून्य. टाटाच्या टियागोला २०२० मध्येच मोठ्यांसाठी चार होते. २०२०-२१ ची, एकाच मालकानं वापरलेली टियागो तुमच्या बजेटमध्ये मिळू शकते. २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे, म्हणजे तेही त्यात असणारच.

शिवाय घसारा बघा. विम्याच्या हिशेबात गाडीची किंमत वर्षभरात १५ टक्के उतरते, तीन वर्षांत ३० आणि पाच वर्षांत निम्मी होते. हा फटका पहिल्या मालकानं खाल्लेला असला तर तुम्ही कशाला खायचा? पुरात बुडालेली एक गाडी भेटली म्हणून सगळ्या जुन्या गाड्या बाद करणं मला पटत नाही.

कृष्णाकाठ :
ती चाचणी दोन एअरबॅगच्या गाडीची होती, आता सहा येतात.

घाटमाथा :
एअरबॅग वाढल्या, चांगलंच झालं. पण पुन्हा चाचणी होऊन निकाल येत नाही तोवर तारे वाढले असं मी धरणार नाही. तुम्हीही धरू नका.

वाशिष्ठी :
मी चिपळूणची. तीन वर्षांपूर्वी अशीच छोटी नवी गाडी घेतली, तीही सगळ्यात खालचं मॉडेल. माझी चूक तिथं झाली. मागच्या काचा हातानं फिरवायच्या, सेंट्रल लॉक नाही, म्युझिक सिस्टीम नाही. हे सगळं बाहेरून बसवून घेतलं, त्यात वायर कापली. पुढं लाइटचा बिघाड झाला तर वॉरंटीत बसत नाही म्हणून कंपनीनं हात वर केले.

कुंभार्ली घाटात चार माणसं आणि सामान असलं की एसी बंद करून दुसऱ्या गिअरवर चढवावी लागते. गावात मात्र गाडी सोन्यासारखी. अरुंद बोळात वळते, बाजारात कुठेही लागते. कृष्णाकाठ, घ्यायची तर मधलं मॉडेल घ्या. घाट किती वेळा आहे, तेवढं आधी मोजा.

हिशेबवही :
चार लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षं घेतलं तर हप्ता ८,४०० रुपये, व्याज एक लाखाच्या वर. हप्ता हलका व्हावा म्हणून सात वर्षं केलीत तर तो ६,५४० वर येतो, पण व्याज दीड लाखाला भिडतं. त्यावर पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग. निवृत्त माणसाच्या घरात हे ओझं नवीही नको आणि जुनीही नको. महिन्यातून दोनदा मामाकडे जायला ड्रायव्हरसह भाड्याची गाडी करा. आई मागे आरामात बसेल.

कृष्णाकाठ :
हप्ता मी भरणार आहे, वडील नाहीत. आणि भाड्याची गाडी ठरलेल्या दिवशी येते. मागच्या वर्षी रात्री दोनला वडिलांच्या छातीत कळ आली. चार ठिकाणी फोन केले, शेवटी शेजारच्यांनी झोपेतून उठून त्यांची गाडी काढली. तो अर्धा तास तुमच्या हिशेबात कुठे लिहायचा?

दहा-बाराचा पाना :
माझं गॅरेज आहे. जुनी गाडी तिची नस ओळखणाऱ्यानं घ्यावी. पाच-सहा वर्षांची गाडी दारात आली की क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश, टायर, बॅटरी हे सगळं एकदमच तोंड वर काढतं. पहिल्या वर्षात चाळीस-पन्नास हजार बाजूला ठेवायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. दुसरं म्हणजे पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं येतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्याच्यासाठी बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या गाडीचे रबरी पाइप आणि सील तपासूनच घ्या.

घाटमाथा म्हणतात ते ताऱ्यांचं खरं आहे. पण त्यांनी तुलना टियागोशी केली. हे कुटुंब सध्या स्कूटरवर आहे.

घाटमाथा :
स्कूटरचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात यायला हवा होता. तरी एक करा. नवी टियागो किती लांब पडते ते शोरूममध्ये लिहून घ्या. जीएसटी तिचाही उतरलाय. थोड्याच पैशांचा फरक असेल तर वडिलांशी बोला. आणि कुठलीही घेतलीत तरी मागच्या सीटवर आईला बेल्ट लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

कृष्णाकाठ :
रविवारी दोन्हींची टेस्ट ड्राइव्ह घेतोय. आईला बरोबर नेतो. गुडघे न दुखता तिला कशात चढता-उतरता येतं, ते आधी बघतो. मग इथं लिहितो.