वस्तीतल्या मुलींना दाखवायला जुन्या कृष्णवर्णीय नटीचा सिनेमा सुचवा

पूर्णाकाठ, परभणी
जय भीम. जयंतीच्या आठवड्यात वस्तीतल्या वाचनालयात नववी-दहावीच्या मुलींना एक जुना सिनेमा दाखवायचाय. प्रोजेक्टर मिळालाय, पडदा म्हणून पांढरी चादर. हॅटी मॅकडॅनियल मला माहीत आहे, 1940 साली ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय. पण ज्या सिनेमासाठी मिळालं, त्या 'गॉन विथ द विंड'मध्ये ती मालकाच्या घरची दाई आहे. आमच्या बऱ्याच मुलींच्या आया धुणीभांडी करतात. पहिली ओळख तीच करून द्यायला मन धजंना. तिच्या आधीचं कोणी आहे का? मी आठवडाभर शोधायलेय.

गोदाकाठ, नांदेड
ताई, एव्हलिन प्रियर. 1920 चा 'विदिन अवर गेट्स' दाखवा. दिग्दर्शक ऑस्कर मिशो, तेही कृष्णवर्णीयच. प्रियर त्यात मास्तरीण आहे. गरीब पोरांची शाळा बंद पडू नये म्हणून पैसे जमवायला ती अमेरिकेच्या दक्षिणेतून थेट बॉस्टनला जाते. मूकपट आहे, तेव्हा इंग्रजीची भीती नाही. मधल्या पाट्या मराठीत मोठ्यानं वाचायच्या. कित्येक वर्षं हा सिनेमा हरवल्यात जमा होता, मग स्पेनमध्ये प्रत सापडली. शेवटाकडे जमाव एका कुटुंबाला फासावर देतो, मुलीवर हात टाकला जातो. तेवढा भाग तुम्ही आधी एकट्यानं बघा आणि मुलींशी बोलूनच लावा.
प्रियर 1932 ला गेली, वय 36.

बालाघाट, अंबाजोगाई
प्रियर दाखवाच, पण हॅटीला वगळू नका ताई. तिचे वडील गुलामीत जन्मले होते. तिच्याच सिनेमाच्या अटलांटातल्या पहिल्या खेळाला तिला जाता आलं नाही. ऑस्करच्या रात्री तिला बाकीच्या कलाकारांपासून लांब, वेगळ्या टेबलावर बसवलं. 1952 ला वारली तेव्हा तिच्या मनातल्या हॉलिवूडच्या दफनभूमीनं जागा नाकारली. ज्या गावात आजही मसणवट्यावरून भांडण होतं, तिथल्या मुलींना हे फोडून सांगावं लागणार नाही.
आणि पी. के. रोझीचंही सांगा. मल्याळम सिनेमाची पहिली नायिका, आपल्यातली. पडद्यावर वरच्या जातीची नायर बाई झाली म्हणून लोकांनी तिला गावातून पळवून लावलं.

पूर्णाकाठ, परभणी
रोझीचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं. आधी प्रियर, मग हॅटी आणि रोझीच्या गोष्टी, असंच करते. पाट्या मराठीत उतरवून दहावीतल्या दोघींना देते, त्याच वाचतील. एकीचा आवाज खणखणीत आहे, मास्तरणीच्या पाट्या तिच्याकडं.